मुहूर्ताच्या दिवशीची कणी

प्रिय मॅडम,

तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. ती ऐकायला तुम्ही हजर नाही, ही सबब मी चालवून घेणार नाही.

माझ्या केबिनमधला पंखा कुरकुरतो. गोंदियाच्या उन्हाळ्यात पंखा ही काय चीज असते, ते तुम्हाला सांगायला नको. सेवकला बोलावलं. आपला इलेक्ट्रिशियन सेवक. पूर्वी हा माणूस यायचा, पंख्याकडे शत्रूसारखा बघायचा, स्टुलावर चढून एक ठोसा हाणायचा आणि पंखा आठवडाभर तोंड मिटून फिरायचा. परवा तो आला, तेच स्टूल ओढून त्यावर बसला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि मला म्हणाला, "साहेब, आवाज पहिल्यांदा कधी आला जी?"

म्हटलं, होळीच्या आसपास.

"तेव्हा तुम्ही का केलं?"

"काही नाही केलं. काम करत होतो."

"मंग आताच कायले त्रास होऊन राहिला? पंख्यात बदल झाला, का तुमच्यात?"

मॅडम, हा तोच सेवक, ज्याच्याकडून तुम्ही येण्याआधी आम्ही वर्षानुवर्षं 'हो' आणि 'नाही'पलीकडे काही ऐकलं नव्हतं! पंखा अजून कुरकुरतो आहे. माझ्यात काय बदल झाला असावा यावर मात्र मी परवापासून विचार करतो आहे. ज्या मिलमध्ये कुठल्याही गोष्टीवर कुणालाही तयार उत्तर मिळायचं, तिथे आता साधा पंखा दुरुस्त होत नाही. याची जबाबदारी कोण घेणार? असले लोक मागे ठेवून कुणी जातं का?

तक्रार संपली. आता पत्राचं खरं कारण.

काल संचालक मंडळाची सभा झाली. टेकचंद कामावर राहिला, मॅडम! उन्हाळी हंगामातली तांदळाची शेवटची गाडीसुद्धा सरकारी गोदामात उतरली. अध्यक्षांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं की मशीन हीच राहील आणि मशीनवर माणूसही हाच राहील. टाळ्या वाजल्या. मी सवयीनं उजवीकडे वळलो, तुमचा चेहरा बघायला. तुमच्या खुर्चीवर कुणीतरी पाण्याचा तांब्या ठेवला होता. तांब्याला ही बातमी सांगून काय उपयोग? म्हणून लिहायला बसलो.

तुम्ही आलात तो दिवस आठवतो का? नागऱ्याच्या रस्त्यावरची ही शेतकऱ्यांच्या कंपनीची धानाची मिल. इथे मॅनेजर लग्नातल्या पाहुण्यांसारखे यायचे. जेवून, पान खाऊन, नावं ठेवून परत जायचे. तुम्ही चिचगडकडच्या, आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेल्या, कडक इस्त्रीची साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. मी फुलवंताबाईला म्हटलं, "आता आपली परेड होणार!" फुलवंताबाई म्हणजे वाळवणाच्या पटांगणावरच्या बायांची मुकादम आणि माझ्या विनोदांना नेमानं हसणारी एकमेव व्यक्ती. ती त्या दिवशी हसली नाही. ती तुमचे बूट बघत होती. पुढच्या आठवड्यात तिच्या पायात तसेच बूट होते. तापल्या सिमेंटवर दिवसभर चालणाऱ्या बाईला आधी काय दिसतं, ते मला तेव्हा कळलं नाही. तुम्हाला कळलं होतं का?

मग तो पहिला शनिवार. वजनकाट्याच्या खोलीमागच्या सावलीत तुम्ही सगळ्यांना बसवलं. हमाल, पटांगणावरच्या बाया, मशीनवाले आणि मी, सुपरवायझर. मधोमध पाठ तुटलेली प्लास्टिकची खुर्ची. तुमचा नियम असा: ज्याची कामातली अडचण असेल, तो या खुर्चीवर बसेल. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही. शेवटी खुर्चीवरचा माणूस स्वतःच ठरवेल, या आठवड्यात काय करून बघायचं ते. पुढच्या शनिवारी येऊन सांगेल, काय झालं आणि ते करताना स्वतःबद्दल काय कळलं.

सल्ला द्यायचा नाही! गोंदिया जिल्ह्यात! मॅडम, आमच्याकडे माणसाला रस्ता विचारला तर तो रस्ता सांगतो, आणि 'तिकडं कायले जाता' म्हणून दुसरीकडे जायचा सल्लाही देतो. आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण एक तरी झाडपाला सांगून जातो. अशा माणसांना तुम्ही म्हणालात, नुसतं विचारा. मी त्या बैठकीला 'तोंडी परीक्षा' असं नाव ठेवलं. दोन दिवसांत सगळी मिल तेच म्हणू लागली. तुम्हीही म्हणू लागलात, हे मात्र फार वाईट केलंत. विनोद करणाऱ्याचा विनोद असा उचलून वापरायला घेतला की त्याच्या हातात काय उरतं?

एका शनिवारी त्या खुर्चीवर टेकचंद बसला.

टेकचंद आपला मशीनवाला, मिल सुरू झाली तेव्हापासूनचा. मशीनचा आवाज तो पोराच्या छातीला कान लावावा तसा ऐकतो. पण या उन्हाळ्यात त्याचं काहीतरी बिनसलं. इटियाडोह धरणाच्या पाण्यावरचं उन्हाळी धान यायला लागलं आणि भरडताना अख्ख्या दाण्याऐवजी तुकडे निघू लागले. कणी, कणी, कणी. आपली भरडाई सरकारसाठी; कणी ठरल्यापेक्षा जास्त दिसली की सरकारी गोदामवाले गाडी दारातूनच परत पाठवतात. गाड्या परत आल्या. अध्यक्षांनी निकाल दिला: मशीनवाला निष्काळजी आहे, आणखी एक गाडी परत आली की टेकचंद घरी. कणीवरून काढलेल्या माणसाला दुसरी कुठली मिल उभं करत नाही. त्याची बदनामी त्याच्याआधी तिथे पोचते. घरी बायको, मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि मशीनखेरीज दुसरं काही येत नाही असा हा माणूस. तो खुर्चीवर बसला तेव्हा त्याचे हात मांड्यांखाली होते. 

पहिला प्रश्न सेवकचा. "तू मशीनचे रोल बदलून काऊन नाही पाहत बे?"

तुम्ही म्हणालात, "सेवक, हा सल्लाच आहे. फक्त शेवटी आवाज वर नेलात तुम्ही."

मग मी पुढे सरसावलो. सुशिक्षित माणूस! "टेकचंद, तुला असं नाही का वाटत, की अलीकडे तुझं लक्ष कमी झालंय?"

"कापगते भाऊ," तुम्ही म्हणालात, "हा तर निकाल आहे."

सगळे हसले. मी सोडून.  सल्ला काढून घेतला तर आमच्या तोंडात काहीच शिल्लक नव्हतं.  शेवटी फुलवंताबाई म्हणाली, "टेकचंदभाऊ, तुले झोप येते का?"

"नाही येत, बाई. मशीन बंद झाली तरी कानात चालूनच राहते."

एवढंच. पण त्यानं मांड्यांखालचे हात बाहेर काढले. तुम्ही फुलवंताबाईकडे पाहून मान हलवलीत. आमच्या मिलमध्ये विचारला गेलेला तो पहिला खरा प्रश्न, आणि त्याचा कणीशी काहीही संबंध नव्हता! तेव्हा मला वाटलं, या बाई वेळ घालवतात.

टेकचंदनं ठरवलं, मशीनच्या, धान सोलणाऱ्या रोलमधलं अंतर वाढवून, गती कमी करून बघतो. आठवडाभर बघितलं. कणी तशीच; तो माल आम्ही गाडीत चढवलाच नाही. पुढच्या शनिवारी तो खुर्चीवर बसला तो खाली मान घालून. मी मनात म्हटलं, झालं, संपली परीक्षा.

आणि तुम्ही म्हणालात, "छान."

"छान कायचं जी?" टेकचंद उसळला. "माहा अथी जीव जाऊन राहिला!"

"मागच्या शनिवारी माहीत नव्हती अशी एक गोष्ट आज आपल्याला माहीत आहे. दोष मशीनचा नाही. आता मला सांगा, रोल सरकवताना तुमच्या मनात काय होतं?"

टेकचंदनं तळहातावरचा कोंडा झटकला. मग म्हणाला, "सगळे म्हणून राहिले होते का चूक माहीच आहे. मलेबी तसंच वाटलं. म्हणून मी माह्याच जागी शोधून राहिलो होतो. दुसरीकडं पाहाची हिंमतच नाही झाली."

"मग आता कुठं पाहाल?"

मॅडम, तुम्ही इतक्या हळू विचारलंत ते, की मी थट्टा करायची विसरलो. माझ्यासारख्या माणसाच्या आयुष्यात असे प्रसंग कमी येतात.

आणि त्यानंतरचा शनिवार! तो आठवला की अजून हसू येतं. सेवकनं विचारलं, "टेकचंद, कनी रोजच येते का?" रोज नाही, काही दिवस चांगला माल निघतो, असं टेकचंद म्हणाला. कोणत्या दिवशी वाईट? ते त्याला आठवेना. डोकं खाजवून म्हणाला, "एका दिवशी लय आली होती. त्या दिवशी मी बुंदी खाऊन राहिलो होतो, तेव्हाच मशीनखाली पाहिलं."

"ते बुंदी तं माह्या भाचीच्या हळदीची होती जी," फुलवंताबाई म्हणाली. "मीच आनली होती सगळ्यांसाठी."

"अजून एकदा आली होती," टेकचंद म्हणाला. "त्या दिवशी सेवक नव्हता. मोटरचा आवाज होऊन राहिला होता, याले शोधलं तं हा गायब."

"मी मंडपाची लाईट लावाले गेलो होतो," सेवक म्हणाला.

मग जो तो सांगायला लागला. पातोडीच्या रश्श्याच्या दिवशी कणी. जिलेबीच्या दिवशी कणी. कुणाच्या तरी साल्याच्या लग्नात वरण करपलं होतं, त्या दिवशी तर फारच कणी. बाप्पा! हंगामातली सगळी खराबी आम्ही पंगतींवरून आठवून काढली. मी म्हटलं, "म्हणजे लग्नात जेवलं की तांदूळ तुटतो. अध्यक्षांना सांगा, टेकचंदला ठेवा आणि नवरदेवांना काढून टाका!"

सगळे पोट धरून हसले. तुम्हीही हसलात. डोळे पुसलेत. आणि त्याच हसऱ्या आवाजात विचारलंत, "लग्नाच्या दिवशी पटांगणावर काय वेगळं होतं?"

हसू थांबलं. सगळ्यांनी फुलवंताबाईकडे पाहिलं. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "आत्ता नाही सांगत. आठवडाभर पाहून सांगीन जी."

त्या आठवड्यात तुम्ही गेलात.

सकाळी चहा ठेवला, कप हातात घेतला आणि छाती धरून बसलात, असं तुमच्या भावानं सांगितलं. असं मध्येच उठून जायचं असतं का, मॅडम? बैठक संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, हा नियम कुणाचा होता? उत्तर यायचं बाकी असताना? तुमच्या अंत्ययात्रेला अख्खी मिल चिचगडच्या रस्त्यानं गेली. आणि एक नवल सांगतो. लाकडं कशी रचावीत, गाडी कुठे उभी करावी, कुणीही कुणाला एक शब्दाचा सल्ला दिला नाही. आमच्या लोकांनी! मी तेव्हा रडलो, ते तुमच्यासाठी की त्या शांततेसाठी, नक्की सांगता येणार नाही.

पुढच्या शनिवारी मी काट्याच्या खोलीमागे गेलो, ती खुर्ची उचलून आत ठेवायला. म्हटलं, आता कसली बैठक! बघतो तर सगळे बसलेले. टेकचंद खुर्ची पुसत होता.

"बैठक घेणार कोण?" मी विचारलं.

"कोनी घेत नसते जी," फुलवंताबाई म्हणाली. "आपुन बसतो."

आणि ती स्वतःच खुर्चीवर बसली. सांगू लागली. "लगनाच्या दिवशी बायांले लवकर जावं लागते. पाहुने रहाते, हळद रहाते. मंग आम्ही सकारीच धान पातळ पसरवतो. ऊन तापलं का दुपारच्या आत खडखडीत वाळते. गरमागरमच पोत्यात भरून मशीनवर देतो आन् मोकळ्या होतो. मी नेहमी असंच करत आली. पन या आठवड्यात पह्यल्यांदा पाहिलं."

टेकचंद पुढे सरकला. "पातळ धान पायाले कसं लागते, बाई?"

"चटके देते. वाटते का आता लाह्याच फुटतीन."

"मंग दान्याले का होत असन?"

  तापल्या सिमेंटवर झटक्यात वाळलेल्या दाण्याला आतून तडे जात होते. डोळ्याला दिसत नव्हते, पण मशीनमध्ये गेला की दाणा तिथेच मोडत होता. टेकचंदच्या हातात यायच्या आधीच तो मोडलेला होता!

मग फुलवंताबाईनं माझ्याकडे तोंड वळवलं. "साहेब, लवकर सुट्टी तुम्हीच देत होते ना? कायले देत होते?"

आता मी काय सांगणार? बाया दुवा देत होत्या, ते ऐकायला बरं वाटत होतं. सुट्टीत वाईट काय होतं? पण मिलच्या भिंतीवर अध्यक्षांनी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं आहे, 'आजचं धान आजच'. लवकर सुट्टीही हवी, आणि धानही आजच मशीनवर हवं. माझा चांगुलपणा आणि अध्यक्षांची शिस्त, दोघांनी मिळून तांदूळ मोडला आणि शिक्षा टेकचंदला चालली होती. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. मला विचारलं, म्हणून सुटका नव्हती. काय हे हत्यार दिलंत तुम्ही या लोकांच्या हातात!

फुलवंताबाईनं ठरवलं ते असं: लग्नाच्या पुढच्या मुहूर्ताला बायांनी खुशाल लवकर जावं. पण धान जाड पसरायचं, सारखं दाताळं फिरवायचं, ऊन चढलं की गोळा करून ताडपत्रीखाली झाकायचं, एक रात्र निवू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर घ्यायचं. म्हणजे भिंतीवरच्या वाक्याच्या थेट विरुद्ध. लपूनछपून करावं असं माझं मत होतं. मत कुणी विचारलं नाही. टेकचंद म्हणाला, "अध्यक्ष साहेबांनाच बोलवू अथी. लपून केलं आन् गाडी परत आली, तं मी उद्याच घरी."

अध्यक्ष आले. उभेच राहिले. पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली फिरते आहे. "हे काय लावलं आहे? दुसरं मशीन आणा, माणूस बदला. इतनी सी बात है!"

फुलवंताबाई अगदी आदरानं म्हणाली, "साहेब, हा सल्ला झाला जी. अथी चालत नाही."

मॅडम, किल्ली फिरायची थांबली.   अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुम्ही बसायच्या त्या जागेकडे पाहिलं. मग अध्यक्ष म्हणाले, "मंग का चालते?"

"हे पाहा!" टेकचंद उठूनच उभा राहिला. "तुम्ही प्रश्न विचारला जी!"

आधी हमाल हसले, मग बाया, आणि मग, मी शपथेवर सांगतो, अध्यक्ष स्वतः. पोत्यावर बसले ते हसतच. टेकचंदनं विचारलं, "साहेब, एक रात्र धान थांबलं तं कंपनीचं का बिघडन?"

अध्यक्ष मागे वळले. भिंतीवरच्या त्या वाक्याकडे बघत राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मी ते लिहिलं कायले होतं? एकदा अवकाळी आला होता, पटांगणावरचं सगळं धान भिजलं होतं. तेव्हा आपल्याकडे ताडपत्र्या नव्हत्या." आमच्याकडे वळून म्हणाले, "आता आहेत ना?"

"आहेत जी," सगळ्या बाया एकदम म्हणाल्या.

मुहूर्ताचा दिवस आला. बाया लग्नाला गेल्या. धान ताडपत्रीखाली झोपलं. दुसऱ्या सकाळी टेकचंदनं मशीन चालू केली. मी त्याच्या मागेच उभा होतो. तांदूळ खाली येऊ लागला. त्यानं ओंजळ धरली, उजेडाकडे नेली, बोटानं दाणे पसरले. आणि हा माणूस पळत सुटला! ओंजळ तशीच, कोपर बाहेर, पटांगणाच्या दिशेनं. मागे तांदळाचा माग. "अख्खा आहे! बाई, अख्खा आहे!"

फुलवंताबाईनं एक दाणा उचलून दातात धरला. मग दुसरा. मग तिनं टेकचंदच्या पाठीत असा गुद्दा घातला की उरलेला तांदूळ उधळला. तेवढ्यात रस्त्यावरून नवरी घेऊन परत निघालेली कुणाची तरी वरात आली, डफडं वाजत. आपले हमाल थेट त्या वरातीत घुसले आणि नाचले. सेवक नाचला. नवरदेवाकडच्यांना वाटलं, नवरीकडचे असतील. नवरीकडच्यांना वाटलं, नवरदेवाकडचे असतील. मी नाचलो नाही. मी फक्त हात वर केले होते. ते तुम्ही बघायला हवं होतं, मॅडम. एवढ्या एका गोष्टीसाठी तरी थांबायला हवं होतं.

त्यानंतर गाडीमागून गाडी उतरली. काल सभेत शिक्कामोर्तब झालं. भिंतीवरचं वाक्य अध्यक्षांनी पुसून घेतलं. त्याजागी तुमचा फोटो लावावा, हार घालावा असं त्यांच्या मनात आलं. फुलवंताबाईनं विचारलं, "साहेब, फोटो प्रश्न विचारन का?" फोटो रद्द झाला. राग मानू नका. तुमच्याच हातची माणसं आहेत.

एक मात्र खरं सांगतो. कामात सुधारणा म्हणजे नवी मशीन, नवा माणूस, नवी पाटी, असंच मी आजवर समजत होतो. तुम्ही नवं काहीच आणलं नाहीत. होती तीच माणसं समोरासमोर बसवलीत, त्यांना करून बघायला लावलंत, आणि केलेल्याकडे वळून बघायला लावलंत. एवढ्यानं टेकचंदची जागा वाचली. त्याची मुलगी परवा मिलमध्ये आली होती, बापाची मशीन बघायला. तो तिला दाखवत होता, आणि ती विचारत होती. खूप विचारत होती. तुम्हाला आवडली असती.

आता शब्द देतो. बैठक चालू राहील. मंडळानं तुमची जागा मला दिली आहे, पण शनिवारी मी मॅनेजर नसेन, इतरांसारखाच खाली बसेन. कुणी माझ्याकडे उत्तर मागायला आलं तर माझ्या जिभेवर असलेली सगळी तयार उत्तरं मी गिळीन. यात माझ्या प्रकृतीचं काही बरंवाईट झालं तर ते तुमच्या माथी.

आणखी एक. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळी फाटकात मला थांबवून म्हणाला होतात, "कापगते भाऊ, त्या खुर्चीवर सगळे बसून झाले. तुम्ही कधी?" मी म्हटलं, "माझी अडचण एकच आहे, मॅडम, तुम्ही." तुम्ही हसून म्हणालात, "बरं, तुमची पाळी उधार."

आज शनिवार होता. मी खुर्चीवर बसलो. म्हटलं, "मी बोललो की लोक हसतात, आणि हसून झालं की निघून जातात. पटांगणावर काय चाललं आहे ते मला कुणीच सांगत नाही." यावर कुणी हसलं नाही.

टेकचंद जरा पुढे सरकला. "कधीपासून जी?"

ओठांवर एक छान हसवणारं वाक्य आलं होतं. ते मी जाऊ दिलं, आणि त्याला खरं ते सांगायला लागलो.

तुमचा,
कापगते